फिरत्या फोटोग्राफरचे अनुभव आणि एक विनंती

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या पांढरकवडा येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा आमच्या आयुष्यातील हा पहिलाच प्रसंग आहे. आजवरच्या संमेलनांत आम्ही आपणा सर्वांसमोरच उभे असायचो. परंतु आमची पाठ श्रोत्यांकडे आणि तोंड वक्त्यांकडे असे. हार घालून झाला, की 'जरा इकडे बघा' एवढे बोलून आम्ही खाली उतरत असू. जन्मभर दुसऱ्यांना 'हलू नका' म्हणून बजावणाऱ्या माणसाचे आज येथे उभे राहताना पाय लटपटावेत, हा एक न्यायच म्हणावयाचा. तेव्हा बोलण्यात काही अधिकउणे झाले, तर आपण ते पदरात घ्यावे.

मंडळाच्या कार्यवाहांनी 'आपल्या धंद्यातील अनुभव सांगा' अशी आज्ञा केली आहे. अनुभव म्हटले, की माणसाला आपले पराक्रम तेवढे आठवतात. आमच्यापाशी पराक्रम फारसे नाहीत. पांढरकवडा, वणी आणि घाटंजी या भागांतील खेड्यांतून कॅमेऱ्याची पेटी घेऊन आम्ही हिंडलो, माणसांचे चेहरे कागदावर उतरविले आणि त्यावर संसार केला, एवढीच कथा आहे. तथापि या धंद्यात आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या तरुण मंडळींस उपयोगी पडतील असे वाटते. म्हणून त्याही सांगणार आहोत. शेवटी एक विनंती करावयाची आहे, आणि खरे म्हणजे तिच्यासाठीच आम्ही हे निमंत्रण स्वीकारले.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आमचा हा धंदा कोणत्याही जातीचा वडिलोपार्जित धंदा नव्हे. गावगाड्यात सुताराला, लोहाराला, कुंभाराला, न्हाव्याला आपापले स्थान होते. फोटोग्राफराला खळ्यावर कोणी सूपभर धान्य राखून ठेवीत नसे. ही कला १८३९ साली फ्रान्समध्ये जाहीर झाली आणि लवकरच आपल्याकडे येऊन पोचली. मुंबईस १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी एक होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक तयार झाले. लाला दीनदयाळ हे इंदूरच्या बांधकाम खात्यातले नोकर. ते या कलेच्या बळावर हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. कोणी वैद्य, कोणी कारकून, कोणी चित्रकार. ज्याला आवड होती आणि हात होता, तो यात आला. जन्मावरून जेथे कोणी अडविले नाही, अशा थोड्या धंद्यांपैकी हा एक आहे, हे ज्ञातीच्या व्यासपीठावरून मुद्दाम सांगावेसे वाटते.

चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके हेही आरंभी आमच्याच धंद्यातले. बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेऊन त्यांनी गोध्रा येथे फोटोग्राफीचे दुकान थाटले. परंतु त्यांना ते दुकान गुंडाळावे लागले. प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गमावण्याचा प्रसंगही त्यांच्यावर आला. त्याच गृहस्थांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. आम्हांस जेव्हा जेव्हा एखाद्या गावातून रिकाम्या हाताने परतावे लागले, तेव्हा तेव्हा गोध्र्याच्या त्या बंद दुकानाची आठवण करून आम्ही मनाचे समाधान करून घेतले आहे.

आमचा या धंद्यात प्रवेश झाला तो १९६४ साली, मॅट्रिकच्या परीक्षेत गणिताने दगा दिल्यानंतर. यवतमाळच्या एका वृद्ध फोटोग्राफरकडे आम्ही उमेदवारीस राहिलो. वडिलांना हे मुळीच रुचले नाही. 'घरची चार एकर कपाशी सोडून लोकांच्या सावल्या विकणार का?' असे ते म्हणाले. या प्रश्नाला त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आज आहे, पण ते ऐकावयास वडील नाहीत.

गुरूंनी पहिले सहा महिने कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. पाणी भरणे, तबके घासणे आणि औषधे तोलणे, एवढेच काम. मेटॉल, सल्फाइट, हायड्रोक्विनोन, कार्बोनेट आणि चिमूटभर ब्रोमाइड. ह्या क्रमात फरक पडला, तर डेव्हलपर बिघडलाच म्हणून समजावे. अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याच्या उजेडात कोऱ्या कागदावर प्रथम डोळे, मग मिशा, मग पागोटे असे उमटत जाताना पाहिले, आणि तेव्हाच आम्ही ठरविले, की आता यातून बाहेर पडावयाचे नाही. गुरू सांगत, 'डेव्हलपर चित्र आणतो, हायपो ते टिकवितो. परंतु हायपो धुऊन काढणारे पाणी नसेल, तर दोघांचेही श्रम फुकट.' या वाक्याचा अर्थ पुढे आम्हांस फार किंमत देऊन कळला.

आपल्या भागातील उन्हाळा आपणांस ठाऊक आहेच. डेव्हलपर वीस अंशांवर असावा, असे पुस्तक सांगते. आणि पांढरकवड्याचा पारा वैशाखात पंचेचाळिसाच्या घरात जातो. अशा पाण्यात फिल्म घातली, तर तिच्यावरचा जिलेटिनचा थर मऊ पडून सुरकुततो, प्रसंगी कडेने सुटूनही येतो. म्हणून लग्नसराईच्या ऐन दिवसांत आम्ही रात्री दोननंतर काम करीत असू. माठातले पाणी, ओल्या पोत्यांत गुंडाळलेली डबकी, आणि मिळालाच तर भुशात घालून आणलेला बर्फ, या सामग्रीवर पहाटेपर्यंत रोल धुवावे आणि ऊन तापण्यापूर्वी दोरीवर वाळत टाकावे, असा क्रम होता. घरच्या मंडळींनी त्या अवधीत केरही काढू नये, असा आमचा कडक नियम असे. कारण ओल्या फिल्मवर बसलेला धुळीचा कण कायमचा राहतो.

१९६९ च्या सुमारास आम्ही पांढरकवड्यास आलो. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे हे गाव; पूर्वी या रस्त्याला सात नंबरचा म्हणत, आता तो चव्वेचाळीस झाला आहे. बाजारात एक खोली घेतली आणि पाटी लावली. परंतु पाटी पाहून येणाऱ्या गिऱ्हाइकांवर पोट भरेना. तेव्हा एक सायकल, एक जपानी याशिका कॅमेरा, एक तिपाई, गुंडाळता येणारा रंगविलेला पडदा आणि एक काळा कोट एवढे साहित्य घेऊन आम्ही खेडी धरली. पाटणबोरी, रुंझा, मोहदा, करंजी, मारेगाव, झरी, मुकुटबन, जेथे एस.टी. जाई तेथे सायकल टपावर टाकून, आणि पुढे ज्या वाटा असत त्या वाटांनी. केळापूरच्या जगदंबेचे नवरात्र आणि वणीच्या रंगनाथस्वामींची यात्रा ही आमची मोठी पेठ.

बहुतेक गावांत वीज नव्हती. तेव्हा उत्तरेकडील पडवी पाहावी, पडदा टांगावा, गिऱ्हाइकाला पाटावर बसवावे आणि मालकाचेच एक स्वच्छ धोतर बाजूला ताणून धरावे, म्हणजे त्याचा पांढरा उजेड चेहऱ्याच्या सावलीत पडतो. हे धोतर धरण्याचा मान मिळावा, म्हणून मुलांची भांडणे होत. आमच्या कॅमेऱ्यात वरून, मान खाली घालून पाहावे लागे. एकदा एक म्हातारे पाटील म्हणाले, 'हा फोटूवाला बरा माणूस हाये. समद्यायले वाकून नमस्कार करते.' आम्ही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

त्या काळ्या कोटाची हकीकत सांगण्यासारखी आहे. लग्न ठरलेल्या मुलाचा फोटो कोटात हवा, अशी त्या वेळी रीत होती. आणि कोट तर गावात कोणापाशीच नसे. आमचा एकच कोट सडपातळाला मागून टाचण्या लावून आणि धिप्पाडाला मागून उसवून बसविला जाई. आज तीन तालुक्यांतील शेकडो घरांच्या भिंतींवर तो कोट आहे. येथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी काहींनी तो घातलेला आहे. नावे आम्ही सांगत नाही.

भीतीही होती. कोलामांच्या एका पोडावर आम्ही गेलो असता, फोटो काढल्याने आयुष्य कमी होते, असे म्हणून सर्वजण घरांत शिरले. आम्ही आग्रह केला नाही. खिशात आमच्या मातोश्रींचा फोटो होता. तो नाईकाला दाखविला आणि सांगितले, की हा आठ वर्षांपूर्वी काढला, आणि माय आज सकाळी आमच्यासाठी भाकरी बांधून देत होती. नाईकाने तो बराच वेळ पाहिला. पुढच्या खेपेस त्याने आपल्या आईला बाहेर आणून बसविले.

स्त्रियांचे फोटो काढणे ही आणखी एक अडचण. परपुरुषासमोर पदर सावरून स्थिर बसावयाचे, तर चेहरा दगडासारखा होई. लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेस स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढून तेथे बाईमाणसाची योजना केली होती, असे आम्ही गुरूंकडून ऐकले होते. तेच आम्ही गरिबीत केले. आमच्या घरच्या मंडळी दर मोठ्या कामाला बरोबर येऊ लागल्या. पदर नीट करणे, कुंकू सारखे करणे, रडणारे मूल कडेवर घेणे, आणि पाच मिनिटांत त्या घरातील सुनेचे माहेर कोणते ते काढून घेणे, ही त्यांची कामे. माहेरचे नाव निघाले, की सुनेच्या तोंडावर जो भाव येई, तो आम्ही टिपीत असू. आमच्या नावावर जे चांगले फोटो सांगितले जातात, त्यांतील निम्मे त्यांचे आहेत. हे आजवर जाहीरपणे कधी बोललो नव्हतो. आज त्या येथे समोर बसल्या आहेत, म्हणून बोलून टाकतो.

हिशेबाचे म्हणाल, तर कापसाच्या चुकाऱ्यावर आमचा हिशेब अवलंबून. १९७२ साली एकाधिकार खरेदी सुरू झाली; शेतकऱ्याच्या हाती चुकारा पडला, की आमची उधारी फिटे. पैसे नसत तेथे ज्वारी, तूर, प्रसंगी मोहाची फुलेही आम्ही घेतली आहेत. फिल्म महाग आणि दुर्मिळ. एका रोलवर बारा फोटो. बारा पुरे होईपर्यंत रोल धुणे परवडत नसे, आणि लोक तर दुसऱ्या दिवसापासून विचारू लागत. उटकमंडला सरकारी कारखाना निघून 'इंदू' फिल्म बाजारात आली, तेव्हा आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसाला मोठा आधार झाला. तो कारखानाही पुढे बंद पडला. असो.

आता चुकांविषयी.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या विहिरीने तळ गाठला. घागरभर पाण्यासाठी बायका रात्र जागत होत्या. तेथे फोटो धुण्यासाठी वाहते पाणी कोठून आणावे? तासभर धुवावयाचे फोटो आम्ही दोन तबकांत बुचकळून काढू लागलो. त्या वेळी ते स्वच्छ दिसले, लोकांनी आनंदाने नेले. परंतु कागदात राहिलेला हायपो गप्प बसत नाही. दहापंधरा वर्षांत ते फोटो पिवळे पडले, आणि काहींवरचे चेहरे पुसट झाले. आजही कोणाच्या घरी गेलो असता भिंतीवरचा फोटो पाहून आम्ही सांगू शकतो, की हा त्या वर्षीचा. दुष्काळात धान्य गेले, जनावरे गेली, हे सर्वांना आठवते. चेहरेही गेले, हे आम्हांस ठाऊक आहे. त्या वेळी निदान 'हे टिकणार नाहीत, पाऊस पडल्यावर पुन्हा करून देऊ' एवढे सांगावयास हवे होते. सांगितले असते तर गिऱ्हाईक गेले असते, या भीतीने सांगितले नाही.

दुसरी चूक याहून मोठी. आणि ती आपल्या ज्ञातीतील एका घरात घडली, म्हणून येथेच तिची कबुली देणे योग्य. गावाचे आणि घराण्याचे नाव अर्थातच सांगत नाही.

एका सज्जन गृहस्थांनी कन्येचा फोटो काढविला. स्थळ परगावचे, मुलगा नोकरीत. प्रथम फोटो पाठवावयाचा होता. मुलगी नाकीडोळी नीटस, वर्णाने सावळी. फोटो चांगला आला होता. परंतु वडील आम्हांस बाजूला घेऊन म्हणाले, 'जरा उजळ करता आला तर पाहा.' यात अशक्य काही नव्हते. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने आणि तांबड्या रंगाने बारीक काम केले, की तेवढा भाग कागदावर गोरा उमटतो. ही विद्या गुरूंनी देवीचे व्रण आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळे सौम्य करण्यासाठी शिकविली होती. आम्ही दोन रात्री बसून त्या मुलीला गोरी केली, आणि आपल्या हातावर खूष झालो.

पाहुणे आले. त्याच दिवशी दुसऱ्या कामासाठी आम्हीही त्या गावी होतो आणि पाहण्याच्या कार्यक्रमास हजर होतो. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली. पाहुण्यांतील एका वृद्धांनी खिशातून फोटो काढला, फोटोकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, आणि सर्वांदेखत म्हणाले, 'ही धाकटी का? फोटोतली कोठे आहे?' मंडळी पोहे न खाता उठली. मुलीच्या वडिलांनी मान वर केली नाही. आम्हीही केली नाही.

संध्याकाळी आम्ही सायकल काढीत असता ती मुलगी आडोशाला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, 'दादा, फोटो तुम्हीच काढला ना? मग त्यात मी का नव्हते?'

या प्रश्नाला आम्ही काय उत्तर देणार होतो? वडिलांनी सांगितले म्हणून केले, असे म्हणता आले असते. परंतु पेन्सिल आमच्या हातात होती. त्या दिवसानंतर देवीचे व्रण आम्ही पुसले, पुटकुळ्या पुसल्या; कोणाचा वर्ण मात्र बदलला नाही. त्यापायी पुष्कळ गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. त्या भगिनींचे लग्न पुढे उत्तम घरी झाले, त्या आज नातवंडांत आहेत, आणि त्यांच्या लग्नाचे फोटो आम्हीच काढले, जसे होते तसे. त्यांनी आम्हांस क्षमा केली असावी. आम्ही मात्र स्वतःला ती पुरती केलेली नाही.

हे जुने पुराण उगाळण्याचे कारण असे, की आमचा जो अपराध दोन रात्रींच्या मेहनतीचा होता, तो आता मोबाइल फोन एका क्षणात करून देतो, आणि त्याला कोणी अपराधही म्हणत नाही. वधूवर परिचयासाठी जे फोटो येतात, त्यांत कोणाच्याही मुलीचा खरा वर्ण आम्हांस ओळखू येत नाही. आईबापांनी विचार करावा. उजळ केलेला फोटो पाहुण्यांना फसवितो हे तर खरेच. पण त्याआधी तो घरातल्या मुलीला सांगतो, की तू आहेस तशी चालणार नाहीस.

आता थोडे दुःखाचे बोलावे लागेल. या शतकाच्या आरंभापासून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. २००६ च्या जुलैत पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींची योजना जाहीर झाली. त्या वर्षांत आमच्या दुकानी एक नवेच काम येऊ लागले. घरातील कर्ता पुरुष गेलेला, भिंतीवर लावावयास फोटो नाही. तेव्हा मुलगा किंवा भाऊ बँकेचे पासबुक नाहीतर मतदाराचे ओळखपत्र घेऊन येई आणि म्हणे, 'काका, यातूनच मोठा करून द्या.' ही ओळखपत्रे १९९३ साली सुरू झाली, तेव्हा त्या कामात आम्हीही गावोगाव फिरलो होतो. एकेका दिवसात शेकडो माणसे रांगेने बसवून उठविली होती, कोणाचा पदरही नीट केला नव्हता. त्या घाईच्या फोटोतून आता आम्हांस माणूस शोधावा लागे. ज्याला जन्मभरात एकदाही स्वतःच्या हौसेने फोटो काढविता आला नाही, त्याचा पहिला मोठा फोटो हार घालण्यासाठीच व्हावा, हे पाहून आमच्यासारख्या निबर धंदेवाल्याचेही हात थांबत. या कामाचे पैसे आम्ही घेतले नाहीत. यात उपकार कसला? त्यांच्या हयातीत आम्ही त्यांच्या गावावरून कितीदा गेलो होतो, आणि उधारी बुडेल म्हणून त्यांच्या दारी थांबलो नव्हतो.

त्याच काळात मोठमोठ्या शहरांतून छायाचित्रकार येत, आणि वाटाड्या म्हणून आम्हांस बरोबर नेत. त्यांतील बरेच मनाने सज्जन होते. त्यांच्या चित्रांमुळेच बाहेरच्या जगाला आपले दुःख समजले, हे विसरता येणार नाही. परंतु एका घरी एका भगिनीला पतीचा तसबिरीतला फोटो मांडीवर घेऊन दारात, मग खिडकीपाशी, मग पुन्हा दारात असे बसविण्यात आले. चौथ्या वेळी ती काही न बोलता आमच्याकडे पाहू लागली. तो फोटो आमच्याच हातचा होता. आम्ही त्या पाहुण्यांना म्हटले, की आता पुरे. आणि त्या दिवशीची बिदागी न घेता परत आलो. कॅमेरा केव्हा उचलावा हे गुरू शिकवितो; केव्हा खाली ठेवावा, हे ज्याचे त्यानेच शिकावयाचे असते.

पुढचा काळ आपण पाहतच आहात. रंगीत फोटो आला आणि अंधारी खोली सुटली. डिजिटल आला आणि रोल सुटला. मोबाइल आला आणि गिऱ्हाईक सुटले. २०१२ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीनेच दिवाळे काढले, तेथे आमची कथा काय! आता टिपेश्वरच्या अभयारण्यात झाडाला कॅमेरा बांधून ठेवतात, समोरून वाघ गेला की तो आपोआप फोटो काढतो, आणि पट्ट्यांवरून कोणता वाघ ते ओळखतात. म्हणजे फोटोग्राफराचीही गरज राहिली नाही. आम्ही विनोदाने म्हणतो, की वाघाला 'जरा हसा' म्हणावयाचे नसते, म्हणून तेथे भागते. तरुणांनी मात्र निराश होऊ नये. यंत्र सर्वांच्या हाती आले, म्हणजे नजर सर्वांना आली असे नाही. आणि मुलींनीही या कामात यावे. १९१३ साली नवसारीस जन्मलेल्या होमाई व्यारावाला यांनी वृत्तपत्रांसाठी छायाचित्रण करून देशात नाव मिळविले आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. तेव्हा बाईमाणसाचे हे काम नव्हे, असे कोणी म्हणू नये.

आता विनंती. तत्पूर्वी एक लहानशी हकीकत.

पोळ्याच्या दिवशी एका शेतकऱ्याने आम्हांस बोलाविले. म्हणाला, 'मले फोटू पायजे, पर बैलायसंग.' बैल सजविलेले, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. आम्ही फोटो काढला. मालक आणि बैल मोठे दिसावेत म्हणून छापताना दोन्ही बाजू छाटल्या. पुष्कळ वर्षांनी तो पुन्हा आला. बैल केव्हाच गेले होते. त्या वर्षी त्याची पत्नी वारली होती. तिचा एकही फोटो घरात नव्हता. आम्ही डबे उपसून ती निगेटिव्ह शोधली. डाव्या कडेला ओवाळणीचे ताट घेऊन ती उभी होती. आम्हीच तिला छाटून टाकले होते. निगेटिव्हने मात्र तिला ठेवले होते. त्या बोटभर आकृतीवरून आम्ही तिचा चेहरा मोठा करून दिला. तो गृहस्थ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'अशीच होती.'

बंधुभगिनींनो, अशा निगेटिव्हचे अठरा पत्र्याचे डबे आमच्या माळ्यावर आहेत. अलीकडे त्यांतील काही उघडले, की आंबट वास येतो. तो वास म्हणजे फिल्म आतून कुजू लागल्याची खूण. एकदा सुरुवात झाली, की शेजारच्या फिल्मलाही ते लागते. आमची पंच्याहत्तरी उलटली आहे. मुले पुण्यास आहेत, सुखी आहेत. त्यांच्या दोन खोल्यांत हे डबे मावणार नाहीत, आणि त्यांच्यावर हे ओझे टाकण्याचा आम्हांस अधिकारही नाही. भंगारवाला दोनदा विचारून गेला आहे.

म्हणून मंडळाने हे डबे ताब्यात घ्यावेत, अशी आमची प्रार्थना आहे. फार खर्च नाही. मंडळाच्या इमारतीत एक कोरडी खोली, लोखंडी कपाट आणि कागदी पाकिटे. आणि सुटीच्या दिवसांत चार विद्यार्थी दिले, तर आमचे डोळे शाबूत आहेत तोवर कोणाचा फोटो, कोणत्या गावचा, हे आम्ही सांगू, त्यांनी लिहून घ्यावे. यंत्रावर प्रती उतरविण्याचे ज्ञान आजच्या मुलांना आमच्याहून अधिक आहे.

एक अट मात्र आहे. आमच्या डब्यांना जातींचे कप्पे नाहीत, गावांचे आहेत. त्यांत आपली माणसे आहेत, तसे गोंड, कोलाम, कुणबी, बंजारा, मुसलमान, बौद्ध, सर्व आहेत. मंडळ आपले असले, तरी हा ठेवा पंचक्रोशीचा आहे. ज्या कोणाचा आजा किंवा आजी त्यात सापडेल, त्याला ती विनामूल्य मिळाली पाहिजे. आमच्या कोटाने कोणाला जात विचारली नव्हती. कपाटानेही विचारू नये.

आणि आपण घरी गेल्यावर प्रत्येकाने एवढे करावे. भिंतीवरचे आणि पेटीतले जुने फोटो खाली काढावेत, घरातील सर्वांत वृद्ध माणसाशेजारी बसावे, आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, दाब न देता, नाव, गाव आणि वर्ष लिहावे. सुनांची माहेरची नावेही लिहावीत. शाई वापरू नये, ती पुढे उमटते. हे काम दिवाळीपर्यंत लांबणीवर टाकू नये. कारण ज्यांना नावे ठाऊक आहेत, ती माणसे आपली वाट पाहत थांबतीलच असे नाही.

वडिलांनी विचारले होते, लोकांच्या सावल्या विकणार का? आज ते असते तर आम्ही म्हटले असते, की विकल्या खऱ्या. पण प्रत्येकीची मूळ प्रत सांभाळून ठेवली आहे, ज्याची त्याला परत देण्यासाठी. तेवढे काम पुरे करण्यास मंडळाने हात द्यावा.